जुन्या गाडीच्या बोनेटखालून धूर येत असल्यास : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडी दहा-पंधरा वर्षांची झालेली असावी, रोज नीट चालत असावी आणि एके दिवशी फाटकाशी थांबल्यावर बोनेटच्या फटीतून धुराची रेघ वर यावी, तर ‘इंजिन गेले’ असेच प्रथम मनात येते. या तक्रारीने आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बहुतेक गाड्यांचे इंजिन मात्र शाबूत असते. कुठे पॅकिंग कडक झालेले असते, कुठे होज पाइपाला चीर गेलेली असते, तर कुठे वायर उंदराने कुरतडलेली असते. खरी अडचण अशी, की गाडी आमच्या दारात उभी राहते तेव्हा धूर थांबलेला असतो. त्यामुळे धूर दिसला त्या क्षणी आपण काय पाहिले आणि कसला वास घेतला, यावर निम्मे निदान अवलंबून असते. हे पत्रक त्यासाठीच छापले आहे.

त्या क्षणी काय करावे

गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि सर्वांना, विशेषतः मागे बसलेल्या मुलांना, खाली उतरवून गाडीपासून दूर उभे करावे. पेट्रोलचा वास येत असेल तर पुन्हा किल्ली फिरवू नये आणि बोनेटजवळ कोणालाही विडी-सिगारेट पेटवू देऊ नये. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत पेट्रोलचा रबरी पाइप तडकणे ही नेहमीची बाब आहे, आणि या एका दोषात ‘गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो’ असे म्हणण्यास मुळीच जागा नाही. गाडी टो करूनच आणावी. ज्वाळा दिसत असतील तर बोनेट पूर्ण उघडू नये, कारण आत मोकळी हवा शिरताच आग भडकते. आतील खटका ओढून बोनेट बोटभर सुटू द्यावे आणि त्या फटीतून पावडरचे अग्निशामक नळकांडे मारावे. पेट्रोलच्या किंवा वायरिंगच्या आगीवर पाणी ओतू नये.

वाफ असेल तर रेडिएटरचे झाकण उघडण्याची घाई करू नये. झाकणामुळे आत दाब राहतो, आणि त्या दाबाखाली पाणी १०० अंशांवर न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकण सैल होताच दाब जातो, त्याच क्षणी आतले पाणी उसळते आणि हात-तोंड भाजते. किमान अर्धा तास थांबावे. तापलेल्या इंजिनावर बाहेरून थंड पाणी ओतण्याची सवयही सोडावी. त्याने इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, तडकते आणि शंभर-दोनशे रुपयांच्या पाइपाचे काम इंजिनाच्या कामावर जाते.

रंगापेक्षा वास अधिक खरा

उन्हात धुराचा रंग नीट कळत नाही, म्हणून आम्ही प्रथम वासाची चौकशी करतो. निळसर-राखाडी धूर आणि जळक्या तेलाचा वास असेल तर इंजिन ऑइल कुठेतरी गरम भागावर पडत आहे. पांढरी, लवकर विरणारी वाफ आणि गोडसर वास असेल तर कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचे द्रव, बाहेर येत आहे. डोळ्यांत जाणारा, जळक्या प्लास्टिकचा वास वायरिंगचा असतो. रबर जळल्याचा वास आणि सोबत किंचाळल्यासारखा आवाज असेल तर बेल्ट घसरत आहे किंवा बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे बेअरिंग अडकले आहे. कन्नडचा घाट चढून आल्यावर किंवा तोरणमाळच्या वाटेवर येणारा उग्र, करपट वास बहुधा क्लच प्लेटचा असतो. तो बोनेटखालून आल्यासारखा वाटला तरी त्याचा इंजिनाशी संबंध नसतो. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवल्याचा तो परिणाम असतो.

काही धूर निरुपद्रवी असतात, तेही सांगायला हवे. पावसाळ्यात डबक्यातून गाडी गेल्यावर सायलेन्सरच्या पाइपावर पाणी उडून वाफ येते आणि दोन मिनिटांत जाते. रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवी खालून पाइपाला चिकटली तर घाण वास येतो, धोका सहसा नसतो. ऑइल बदलताना थोडे सांडले असल्यास तेही पहिल्या फेरीत जळून जाते. मात्र सर्व्हिसिंगनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही धूर येत असेल तर ऑइलचे झाकण किंवा फिल्टर नीट बसलेला नाही असे समजून गाडी परत आणावी.

थांबल्यावरच दिसणारा धूर

‘चालताना काही नाही, उभी केली की धूर’ ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि ती ग्राहकाला सर्वांत गूढ वाटते. चालत्या गाडीत येणारा वारा धूर खालून मागे ओढून नेतो. गाडी थांबली की तोच धूर वर चढतो आणि दिसतो. म्हणजे धूर थांबल्यावर सुरू होत नाही, तो आधीपासूनच असतो. काचेखालच्या जाळीतून ब्लोअर हवा ओढत असल्याने काही वेळा धूर दिसण्याआधी कित्येक दिवस गाडीत वास येत राहतो. हा वास आपण मनावर घ्यावा अशी विनंती आहे.

अशा गाड्यांत पहिला संशय टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगचा असतो. हे पॅकिंग जुन्या इंजिनांत बुचाचे आणि नंतरच्या इंजिनांत रबराचे असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक होते, आक्रसते आणि त्याच्या कडेने तेल पाझरू लागते. खाली जळालेले वायू सायलेन्सरकडे नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो, तो काहीशे अंशांपर्यंत तापतो, आणि इंजिन ऑइल साधारण २०० अंशांच्या पुढे धूर सोडू लागते. त्यामुळे तापल्या तव्यावर पडावा तसा एक-एक थेंब पडला तरी पाहणाऱ्याला घाबरवण्याइतका धूर होतो. जमिनीवर तेलाचा डाग दिसत नाही, कारण थेंब खाली पोचण्याआधीच जळतो. डिपस्टिकवरची (तेल मोजायच्या पट्टीवरची) पातळीही महिनाभरात थोडीशीच उतरते.

तेल जिथे दिसते तिथून ते गळत असेलच असे नाही. पंख्याच्या आणि रस्त्याच्या वाऱ्याने ते मागे आणि खाली पसरते, त्यावर आपल्याकडची काळी माती बसते आणि अर्धे इंजिन एकसारखे ओले दिसू लागते. अशा वेळी नजरेने दोष सांगणाऱ्या मेकॅनिकवर विश्वास ठेवू नये, मग तो आमच्याकडचा का असेना. इंजिन आधी पुसून कोरडे केले जाते, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवली जाते, गाडी दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवली जाते आणि मग टॉर्च आणि लहान आरसा घेऊन कव्हरची मागची कडा पाहिली जाते. पांढऱ्या पावडरीवर ओलसर रेघ जिथे सर्वांत वर सुरू होते, तीच गळतीची जागा.

जागा सापडल्यावर बोल्ट आवळून भागते असा समज आहे. पत्र्याचे कव्हर जास्त आवळल्याने वाकते आणि गळती वाढते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नवे पॅकिंग टाकूनही काही महिन्यांत तेल परत येत असेल, तर ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातील वायू बाहेर सोडणारा, पाइप काजळीने बंद झालेला असण्याची शक्यता मोठी असते. पिस्टनच्या कडेने खाली उतरणाऱ्या वायूंना वाट मिळाली नाही की आतला दाब वाढतो आणि तेल नव्या पॅकिंगमधूनही बाहेर ढकलले जाते. म्हणून ब्रीदर साफ केल्याशिवाय आम्ही पॅकिंग बदलत नाही. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढल्यावर हलकीशी वाफ येणे जुन्या गाडीत चालते. पण ठोक्याबरोबर भकाभका धूर येत असेल, ज्याला गॅरेजच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा लागतो. तेव्हाही प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजल्याशिवाय इंजिन खोलण्यास होकार देऊ नये.

पाणी, ऊन आणि बोअर

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि त्या हवेनेच रेडिएटरला इंजिन थंड करायचे असते. पुण्या-नाशकाच्या हवेत खपून जाणारा लहानसा दोष इथे उन्हाळ्यात उघडा पडतो, तो यामुळे. त्यात बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये टाकले जाते. त्यातील क्षार बारीक नळ्यांत साचतात आणि झाकणाच्या रबरावर खर धरतात. बाहेरून रेडिएटरच्या पात्यांत कापसाचे तंतू आणि शेतरस्त्याची धूळ बसते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे वापरावे. वाटेत नाइलाजाने साधे पाणी टाकले असल्यास ते आम्हाला सांगावे, म्हणजे पुढच्या खेपेस पूर्ण पाणी बदलता येईल.

गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय जुन्या ड्रायव्हरांचा आहे. त्याने बारीक छिद्र काही काळ बुजते, हे नाकारता येत नाही. मात्र तीच हळद अरुंद नळ्यांतही बसते. रात्री घर गाठण्यापुरता हा उपाय ठीक, पण पुढे रेडिएटर धुऊन घेणे अटळ असते. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला मात्र कधीही मानू नये. इंजिन मग आवश्यक तापमानाला उशिरा पोचते, पेट्रोल जास्त लागते आणि मूळ दोष तसाच राहतो.

तापमानाच्या काट्याविषयी एक सावधगिरी. पाणी पूर्ण गेले असेल तर सेन्सर पाण्याबाहेर उघडा राहतो आणि काटा खाली दिसू शकतो. वाफ येत असताना काटा खाली असेल तर निश्चिंत होऊ नये. ती अधिक वाईट खूण आहे.

गळती शोधण्यासाठी आम्ही थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप लावतो, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब भरतो आणि दहा मिनिटे पंपावरचा दाबाचा काटा उतरतो का ते पाहतो. उतरला, तर होजचे जोड, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) आणि हीटरचे पाइप क्रमाने तपासले जातात. गॅस किट बसवलेल्या गाड्यांत रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) जाणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपांचे जोडही तपासावे लागतात. ही जागा बऱ्याचदा विसरली जाते. बाहेर कुठेच गळती नसूनही पाणी कमी होत असेल, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल आणि डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसत असेल, तर हेडखालचे पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, गेल्याची शक्यता धरावी आणि गाडी चालवणे थांबवावे.

वायरिंग आणि कापूस

दिवाळीनंतर घरात, ओट्यावर, शेडमध्ये कापूस साठवला जातो आणि त्याच शेडमध्ये गाडी उभी असते. उबेला आलेले उंदीर तोच कापूस बोनेटखाली नेऊन इंजिनावर घरटे करतात. मॅनिफोल्डला लागलेला कापूस ज्वाळा न होता आतल्या आत धुमसत राहतो, आणि हा धूर तेल-पाणी तपासून कधीच सापडत नाही. गाडी चार-आठ दिवस उभी राहिली असेल तर सुरू करण्यापूर्वी बोनेट उघडून पाहावे. एअर फिल्टरच्या डब्यातही हात घालावा, परंतु सावधपणे, कारण तिथे नेहमी उंदीरच असतो असे नाही.

वायर जळण्याचे दुसरे कारण बाहेरून बसवलेल्या वस्तू. मोठे हॉर्न, जादा दिवे, म्युझिक सिस्टिम रिले आणि फ्यूजशिवाय थेट बॅटरीला जोडलेले असतात. असा जोड जळू लागला तर किल्ली काढूनही धूर थांबत नाही. म्हणून डिकीत १० नंबरचा पाना ठेवावा आणि धूर दाट नसल्यास बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडावे. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नये.

गाडी आणताना

गाडी आणण्याआधी इंजिन धुऊन घेऊ नये. स्वच्छ इंजिन दिसायला बरे, पण गळतीचा माग त्यात वाहून जातो. धूर गाडी सुरू करताना आला की चालवून झाल्यावर, एसी चालू होता का, चढ होता का, शेवटचे ऑइल कधी बदलले आणि मधल्या काळात कोणी काय दुरुस्त केले, एवढे सांगावे. शक्य असल्यास मोबाइलवर धुराचा व्हिडिओ काढावा आणि त्यात बोनेटची कोणती बाजू आहे ते दिसू द्यावे.

तपासणीनंतर खर्चाचा अंदाज लेखी दिला जातो, आपल्या संमतीशिवाय पुढचे काम केले जात नाही आणि काढलेला पार्ट आपल्याला दाखवला जातो. तेलगळतीचे काम झाल्यावर मॅनिफोल्डवर मुरलेले जुने तेल जळेपर्यंत एक-दोन दिवस हलका वास येऊ शकतो. आठवडाभरानंतरही तो येत राहिला तर गाडी पुन्हा दाखवावी. त्या फेरतपासणीचे शुल्क आम्ही आकारत नाही.