वेस्टगेटची दांडी: लांबी चुकली की रेष चुकली?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) आणून बसवला की पंधरा दिवसांत अनेकांची एकच तक्रार येते: गाडीला पिकप नाही. त्यावर उपायही बहुतेक ठिकाणी एकच होतो. मिस्त्री टर्बोवरच्या अ‍ॅक्च्युएटरच्या (दाब आवरणारी झडप हलवणाऱ्या डब्याच्या) दांडीवरचा चेकनट, म्हणजे लांबी पक्की धरणारा नट, सैल करतो, दांडी दोन फेरे आखूड करतो आणि म्हणतो, "आता बघा साहेब, कशी उचलते." कधी गाडी खरंच उचलते. कधी आठवडाभर उचलते आणि मग खंडाळ्याच्या चढावर इंजिनाचा दिवा लागून मरगळते.

माझ्या डिझेल स्विफ्टची दांडी अशी तीनदा आखूड झाली. तिन्ही वेळा पैसे गेले, कारण लांबी मुळात चुकलेलीच नव्हती. डबा ज्या पट्टीवर बसतो ती पट्टी वाकडी होती, त्यामुळे दांडी तिरकी चालत होती. लांबी चुकणं आणि रेष चुकणं हे दोन वेगळे दोष आहेत, पण गाडी चालवताना दोन्ही सारखेच वाटतात. मारुतीने २०२० च्या एप्रिलपासून डिझेल इंजिनं बंद केल्यावर या गाड्यांसाठी जुन्या भागांवरची भिस्त वाढतच जाणार, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

आधी रचना पाहू. टर्बोच्या गरम बाजूला, म्हणजे धूर ज्या शंखातून जातो तिथे, एक छोटी झडप असते. टर्बोने भरलेल्या हवेचा दाब पुरेसा झाला की ती उघडते आणि जादा धूर टर्बाइनच्या पंख्याला वळसा घालून निघून जातो. ही झडप म्हणजे वेस्टगेट. तिला हलवतो तो अ‍ॅक्च्युएटर: एक पत्र्याचा डबा, आत रबरी डायफ्रॅम आणि स्प्रिंग, बाहेर दांडी. दाबावर चालणाऱ्या प्रकारात स्प्रिंग झडप बंद धरून ठेवते आणि पाइपातून आलेला दाब दांडी बाहेर ढकलून ती उघडतो. काही गाड्यांत हेच काम व्हॅक्यूमवर चालतं. तिथे फेऱ्यांचा हिशेब वेगळा असतो, तेव्हा पुढचं सगळं दाबाच्या प्रकाराबद्दल आहे.

लांबीचा दोष सोपा आहे. झडप घट्ट बंद असताना दांडीचं भोक लिव्हरच्या (झडप फिरवणाऱ्या बाहेरच्या छोट्या पट्टीच्या) पिनवर आपसूक बसता कामा नये. दांडी मिलिमीटर-दोन मिलिमीटर ओढूनच ते बसलं पाहिजे. ही ओढ म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण. दांडी फार लांब असेल तर झडप पूर्ण टेकत नाही, धूर सतत निसटतो आणि टर्बो उशिरा भरतो. फार आखूड असेल तर झडप उशिरा उघडते आणि दाब हद्दीबाहेर जातो. दांडीला एम६ चे साधे आटे असतील तर एका पूर्ण फेऱ्यात लांबी १ मिलिमीटर बदलते. म्हणजे "दोन फेरे" हा किरकोळ फरक नव्हे, जवळजवळ सगळा ताण तेवढ्यातच असतो. अर्ध्या फेऱ्याच्या पुढे एका वेळी जाऊच नये. चेकनट फिरवताना दुसऱ्या पान्याने दांडी धरून ठेवावी, नाहीतर आतला डायफ्रॅम पिळला जातो.

रेषेचा दोष जास्त फसवा आहे. लिव्हर कमानीत फिरतो, त्यामुळे चालताना दांडी थोडी डोलतेच. त्या कमानीच्या पातळीत डोलणं डायफ्रॅम सहज सोसतो. पण दांडी त्या पातळीच्या बाजूला सरकली असेल, तर भोक पिनवर तिरपं बसतं आणि प्रत्येक हालचालीत घासतं. डब्याच्या तोंडाशीही दांडी एका कडेला रेटली जाते. मग झडप अडकते, थांबते, एकदम सुटते. बंद होतानाही वेळेवर बंद होत नाही. असंच चालवत राहिलं की लिव्हरच्या आसाचं बुश (आस ज्यात फिरतो ती नळी) अंडाकृती झिजतं, मग नुसती रेष सरळ करूनही भागत नाही.

ही रेष जुन्या टर्बोतच जास्त चुकते, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत. अनेक छोट्या टर्बोंमध्ये डब्याची पट्टी थंड बाजूच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या, शंखावर असते आणि लिव्हर गरम बाजूच्या शंखावर. मधला कोअर (पंखे आणि त्यांचा आस असलेला भाग) बदलताना दोन्ही शंख सुटतात. जोडताना थंड शंख काही अंशांनी फिरला, की दांडीची दोन टोकं एका रेषेत राहत नाहीत. दुसरं कारण उचलण्याचं: दुकानात टर्बो या दांडीला धरून उचलतात, कारण हाताला तीच सोयीची लागते. पट्टी पातळ पत्र्याची, ती वाकते. कृपा करून टर्बो दांडीला धरून उचलू नका आणि दुकानदारालाही उचलू देऊ नका.

आता दोन्ही दोष वेगळे कसे ओळखायचे? पिनवरचं लॉक काढा, दांडी मोकळी करा आणि आधी लिव्हर बोटाने फिरवून पाहा. लिव्हरच जड असेल तर गंज किंवा काजळी आहे. मुंबईच्या पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे होतंच, तेव्हा आधी ते सोडवा. मग भोक पिनवर परत बसवायला जा. फक्त लांबीच्या दिशेने ओढावं लागलं तर रेष ठीक आहे, ताण किती आहे तेवढं बघा. बोटाने बाजूला रेटल्याशिवाय बसत नसेल तर रेष चुकली आहे. अशा वेळी चेकनटला हात लावू नका.

माझा भरवसा मात्र हँड पंपावर आहे. गेज असलेला पंप डब्याच्या नळीला लावा आणि दाब हळूहळू वाढवा. दांडी कोणत्या आकड्याला हलू लागते ते लिहा. मग दाब तितक्याच सावकाश सोडा आणि ती कोणत्या आकड्याला परत बसते ते लिहा. पंप थांबवूनही काटा घसरत राहिला तर डायफ्रॅम फाटला आहे, पुढे काही करण्यात अर्थ नाही. लांबी चुकली असेल तर उघडण्याचा आणि मिटण्याचा आकडा जवळजवळ सारखाच येतो, फक्त दोन्ही मिळून वर किंवा खाली सरकलेले असतात. रेष चुकली असेल तर दोन आकड्यांत मोठी दरी पडते. समजा ०.९ बारला झटक्याने उघडली आणि ०.५ पर्यंत मिटलीच नाही, तर ते घर्षण आहे. कितीही फेरे दिले तरी ती दरी मिटणार नाही, फक्त जागा बदलेल. तीन वेळा माझे पैसे याच कारणाने गेले.

रस्त्यावरची खूणही हीच. लांबीचा दोष रोज सारखा वागतो. रेषेचा दोष लहरी असतो: सकाळी थंड गाडी बरी, टर्बो तापल्यावर वाईट. स्कॅनरवर पी०२९९ म्हणजे दाब कमी आणि पी०२३४ म्हणजे दाब जास्त. एकाच गाडीत हे दोन्ही कोड आलटून पालटून येत असतील तर आधी अडकणाऱ्या दांडीकडेच पाहा.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा: आधी रेष, मग लांबी. काही सैल करण्याआधी शंखांवर खूण करा. जुन्या भागावर गंजाची आणि काजळीची मूळ रेघही दिसते, तिचाही आधार घ्या. थंड शंखाचे बोल्ट सैल करून तो हातानेच, सरळ फिरवा. कडेला स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटला तर शंख तिरपा होऊन आतल्या पंख्याची पाती जातात. दांडी रेषेत आली की हवेचं तोंड गाडीच्या पाइपाशी जुळतंय का आणि तेलाचं परतीचं तोंड खाली आहे का, ते बघा. तिन्ही एकत्र जुळायलाच हवीत. दोन जुळून दांडी तिरकीच राहिली तर पट्टी वाकली आहे, किंवा टर्बो दुसऱ्या गाडीचा आहे. पट्टी डब्यापासून सोडवून व्हाइसमध्ये थंडच सरळ करा. डबा लावलेला असताना गॅस मारला तर रबर जळतं. दांडी मात्र वाकवू नका, काही दांड्यांना कारखान्यातच मुद्दाम बाक दिलेला असतो.

एक सावधगिरी. फियाटचं १.३ मल्टिजेट, म्हणजे डिझेल स्विफ्टमध्येही असलेलं इंजिन, दोन रूपांत आलं. ७५ पीएसच्या इंजिनात साधा टर्बो आणि वेस्टगेट, तर ९० पीएसच्या इंजिनात व्हीजीटी (फिरत्या पात्यांचा टर्बो). व्हीजीटीलाही डबा आणि दांडी असते, पण ती आतली पाती फिरवते. तिथे वरचं काही लागू होत नाही. ती बेंचवर सेट करणाऱ्याकडेच द्या.

माझ्या गाडीची पट्टी सरळ झाल्यावर दांडी पुन्हा अडीच फेरे लांब करावी लागली, म्हणजे आधीच्या तीन दुरुस्त्यांमधलं बरंचसं काम उलटं फिरवावं लागलं. मग पंप लावला. दांडी ज्या आकड्याला हलली, जवळजवळ त्याच आकड्याला परत बसली.