कर्करोग निदानातील अब्जांश विद्युत् रासायनिक संवेदक

रक्त, लाळ किंवा मूत्र यांत अत्यल्प प्रमाणात असणारी कर्करोगसूचक द्रव्ये विद्युत् अग्रावर (इलेक्ट्रोडवर) पकडून, त्यामुळे प्रवाहात किंवा रोधात होणाऱ्या बदलावरून त्यांचे प्रमाण सांगणारे साधन. अग्राच्या पृष्ठभागावर १ ते १०० नॅनोमीटर आकारमानाच्या, म्हणजे अब्जांश (नॅनो), द्रव्याचा थर असतो. मधुमेही घरी वापरतात तो ग्लुकोमीटर याच कुळातला असून त्याचे मूळ लीलंड क्लार्क व चँप लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या एंझाइम-अग्रात आहे. मात्र उपाशीपोटी दर मिलिलिटर रक्तात साखर सुमारे १ मिलिग्रॅम असते, तर पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगासाठी तपासल्या जाणाऱ्या पीएसए या प्रथिनाची रूढ मर्यादा ४ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) आहे. वजनाच्या हिशेबाने हे प्रमाण साखरेच्या अडीच लाखाव्या भागाइतके भरते आणि अब्जांश पदार्थांची गरज इथेच उद्भवते.

सोन्याचे अब्जांश कण, कार्बन नलिका, ग्राफीन (एका अणूइतका पातळ कार्बनचा थर) यांमुळे तेवढ्याच जागेत अग्राचे क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढते, इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण सुकर होते आणि सूचक द्रव्य नेमके पकडणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) अधिक संख्येने बसवता येतात. सोने गंधकयुक्त थायॉल गटांशी घट्ट जोडले जात असल्याने प्रतिपिंड बसवण्यास ते विशेष सोयीचे पडते. अग्रावर पीएसए अडकले की अग्राशी इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण करणाऱ्या, द्रावणातील फेरिसायनाइडाला पृष्ठभागापर्यंत पोहोचणे अवघड होते व प्रवाह घटतो. दुसऱ्या पद्धतीत अडकलेल्या प्रथिनावर एंझाइमधारी दुसरे प्रतिपिंड चढवतात आणि एंझाइमाच्या विक्रियेतून मिळणारा प्रवाह मोजतात. कनेक्टिकट विद्यापीठातील जेम्स रसलिंग यांच्या गटाने २००६ मध्ये उभ्या कार्बन नलिकांच्या दाट थरावर ही पद्धत वापरली. दुसरे प्रतिपिंड वाहणाऱ्या वेगळ्या कार्बन नलिकांपैकी प्रत्येकीवर एंझाइमाचे अनेक रेणू लादल्यामुळे दर मिलिलिटरला ४ पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे नॅनोग्रॅमचा हजारावा भाग) इतके कमी पीएसए ओळखता आले.

संवेदनशीलतेचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला असला, तरी खरी अडचण रक्ताचीच आहे. रक्तद्रवात दर मिलिलिटरला ६० ते ८० मिलिग्रॅम इतर प्रथिने असतात, ती अग्रावर चिकटतात आणि खोटा संकेत देतात. अल्ब्युमिनाचा लेप किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल यांनी रिकाम्या जागा झाकल्या, तरी हा दोष पूर्णपणे जात नाही. त्यामुळे शुद्ध द्रावणात मिळालेली मर्यादा रुग्णाच्या नमुन्यातही मिळेल असे गृहीत धरणे चुकीचे ठरते. दुसरी अडचण सूचकाची आहे. पुरःस्थ ग्रंथीच्या निरुपद्रवी वाढीतही पीएसए वाढते, तर अंडाशयाच्या कर्करोगाचे सूचक मानले जाणारे सीए-१२५ गर्भारपणात व एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या विकारात) वाढते. संवेदक कितीही सूक्ष्म असला तरी सूचकाची ही संदिग्धता तो दूर करू शकत नाही, म्हणून एकाच पट्टीवर अनेक सूचक मोजण्याचा मार्ग अधिक आश्वासक वाटतो.

भारतीय पुरुषांत मुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. लाळेचा नमुना सुई न टोचता मिळत असल्याने इंटरल्यूकिन-८ (दाहाशी संबंधित एक प्रथिन) सारखी लाळेतील द्रव्ये मोजणाऱ्या पट्ट्यांवरील संशोधन येथे विशेष महत्त्वाचे आहे. अशी पट्टी संशयित व्यक्ती निवडून देऊ शकते, मात्र रोगाचे निश्चित निदान ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच होते.