बॅरी सँडर्स यांची निवृत्ती दुखापतीमुळे नव्हती

डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे खेळाडू) बॅरी सँडर्स यांनी १९९९ मध्ये दुखापतींमुळे निवृत्ती घेतली, ही समजूत चुकीची आहे. १९८८ मध्ये ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून एकाच हंगामात २,६२८ यार्ड धावून सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा हाइसमन करंडक जिंकणारे सँडर्स १९९८ च्या अखेरच्या हंगामातही सर्व १६ सामने खेळले आणि १,४९१ यार्ड धावले. वॉल्टर पेटन या रनिंग बॅकचा संपूर्ण कारकिर्दीत १६,७२६ यार्ड धावण्याचा विक्रम तेव्हा अवघा १,४५७ यार्ड दूर होता. हा मोह सोडणाऱ्या माणसाच्या निर्णयावर दुखापतीचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे. विचिटा या आपल्या गावच्या वृत्तपत्राला फॅक्सने पाठवलेल्या निवेदनात त्यांनी खेळण्यापेक्षा थांबण्याची इच्छा प्रबळ असल्याचे कळवले आणि पुढे आत्मचरित्रात, संघाच्या व्यवस्थापनाला जिंकण्याची आस उरली नसल्याची खात्री पटल्याने आपण बाहेर पडलो, असे स्पष्ट केले.