हृदयाच्या उपचारांसाठी जनआरोग्य योजना: कोणते कागद, कोणाकडे आणि कधी द्यायचे

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, तुम्ही भरलेलं बिल नंतर परत मिळत नाही. पैसे थेट रुग्णालयाला जातात, तेही आधी मंजुरी घेतलेली असेल तरच. माझ्या काकांच्या अँजिओप्लास्टीच्या (हृदयाची अडलेली रक्तवाहिनी उघडण्याच्या उपचाराच्या) वेळी आम्हाला हे माहीत नव्हतं. घाबरून काउंटरवर डिपॉझिट भरलं, उसनवारी करून बिल चुकतं केलं आणि चौथ्या दिवशी कळलं की त्याच इमारतीच्या तळमजल्यावर योजनेचा कक्ष होता. काकांचं पिवळं रेशन कार्ड घरी कपाटात पडून होतं. तुमच्या घरी असं होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

योजनेसाठी तहसीलमध्ये किंवा सेतू केंद्रात वेगळा अर्ज करावा लागत नाही. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम पाहणारा कर्मचारी, बसतो. तिथेच नोंदणी होते. आपल्या जिल्ह्यात हृदयावरच्या उपचारांसाठी कोणतं रुग्णालय अंगीकृत आहे, हे 155388 किंवा 1800 233 2200 या क्रमांकांवर विचारता येतं. विचारताना आजाराचं नाव जरूर सांगा. रुग्णालय योजनेत असतं, पण प्रत्येक विभाग असतोच असं नाही. हाडांचे उपचार योजनेतून आणि हृदयाचे नाहीत, असंही घडतं.

पात्रता आता पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरुवात झाली तेव्हा पिवळं आणि केशरी रेशन कार्डच चालायचं, आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाखांची होती. 2017 मध्ये योजनेचं नाव बदललं. जुलै 2023 च्या शासन निर्णयानं पांढऱ्या कार्डाची कुटुंबंही आत आली आणि मर्यादा दरवर्षी प्रतिकुटुंब 5 लाख रुपये झाली. त्या निर्णयात एकूण 1,356 उपचार होते. हृदयापुरतं बोलायचं तर स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकून अँजिओप्लास्टी, बायपास, झडप बदलणं, पेसमेकर, हृदयाला जन्मतः असलेलं छिद्र बंद करणं, असे बहुतेक मोठे उपचार आहेत. स्टेंट किंवा झडपेची किंमत पॅकेजमध्येच, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या एकूण रकमेतच, धरलेली असते. कोणी 'स्टेंटचे तेवढे वेगळे द्या' म्हणालं, तर सही करण्याआधी आरोग्यमित्राला गाठा.

घरात 70 वर्षांचं किंवा त्यापुढचं कोणी असेल तर आणखी एक वाट आहे. ऑक्टोबर 2024 पासून मोफत उपचारांसाठी केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार कार्ड पुरतं. कुटुंब आधीच केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत असेल, तर ज्येष्ठांसाठी वेगळे 5 लाख मिळतात. हृदयविकाराचे रुग्ण बरेचदा याच वयाचे असतात, म्हणून दुखणं येण्याआधीच हे कार्ड काढून ठेवावं.

आता कागदपत्रं. मूळ रेशन कार्ड, रुग्णाचं आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, आणि वैद्यकीय कागद: ईसीजी, टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट, अँजिओग्राफीचा (रक्तवाहिन्यांतले अडथळे दाखवणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट आणि तिची सीडी. ही सीडी विसरू नका. अँजिओग्राफी एका ठिकाणी आणि ऑपरेशन दुसऱ्या ठिकाणी असं झालं की नेमकी सीडीच मागे राहते. मंजुरी देणारे डॉक्टर ती पाहूनच ठरवतात. नवजात बाळाचं नाव रेशन कार्डावर नसतं. अशा वेळी जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो चालतो.

खरी अडचण नावांची असते. रेशन कार्डावर 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब'. सून लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी माहेरच्याच कार्डावर. कार्ड ऑनलाइन नसेल, म्हणजे त्याला 12 अंकी आरसी (रेशन कार्ड) नंबर पडलेला नसेल, तरीही काम अडतं. याला रुग्णालय काही करू शकत नाही, तालुक्याच्या पुरवठा शाखेतच दुरुस्ती होते. आज घरात सगळे धडधाकट असतील तर याच आठवड्यात कार्ड काढून प्रत्येकाचं नाव आधारशी ताडून पाहा.

नोंदणी झाली की रुग्णालय कागद ऑनलाइन पाठवून पूर्वमंजुरी मागतं. आरोग्यमित्राकडून नोंदणीचा क्रमांक लिहून घ्या, पुढची प्रत्येक चौकशी त्यावरच होते. झटका आलेला असेल तर मात्र कागदांसाठी थांबू नका. 108 ला फोन करा. तातडीच्या रुग्णासाठी रुग्णालय फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करू शकतं, कागद 72 तासांत द्यायचे असतात. नातेवाइकांपैकी एकानं रुग्णाजवळ थांबावं, दुसऱ्यानं कार्ड आणायला गावी निघावं.

लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीचं पथक येतं. मूल दूध पिताना दमतंय, ओठ निळे पडतायत, वजन वाढत नाही, असं वाटलं तर पथकाची वाट न पाहता ग्रामीण रुग्णालयात जा. तिथून जिल्हा रुग्णालयामार्फत 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची हृदय शस्त्रक्रिया मोफत होऊ शकते.

उपचार योजनेत बसला नाही, तर धर्मादाय रुग्णालय. तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. उत्पन्नमर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. तातडीच्या वेळी गरीब रुग्णाकडून अनामत मागता येत नाही.

मुख्यमंत्री सहायता निधी हा यानंतरचा पर्याय. त्यासाठी मात्र रीतसर अर्ज लागतो: रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक (खासगी असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीचं), 1 लाख 60 हजारांच्या आतला चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशन कार्ड आणि रिपोर्ट. रुग्ण दाखल असतानाच अर्ज करा. मदत रुग्णालयाच्या खात्यात जमा होते.

सुटी होताना डिस्चार्ज कार्ड, स्टेंट किंवा पेसमेकरचं कार्ड आणि सीडी मागून घ्या. घरी गेल्यावर 10 दिवसांपर्यंतची औषधं आणि फेरतपासणी जनआरोग्य योजनेतच येते, ती औषधं हातात घेऊनच निघा. आणि नोंदणी असूनही कोणी पैसे मागितले, तर वॉर्डमधूनच 155388 वर तक्रार नोंदवा.