फोन पडला की गाडी धडकली?

शर्टाच्या वरच्या खिशात फोन ठेवून खाली वाकू नये, हे मला वर्षातून दोन-तीनदा नव्याने कळतं. गेल्या खेपेला तो पडला ओट्यापुढच्या फरशीवर. "काय फुटलं?" म्हणत बायको धावत आली. काचेवर एक ओरखडा होता, बाकी काही नाही. पण त्या निमित्ताने मी एक हिशेब मांडून बघितला आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना.

सव्वा मीटरवरून सुटलेला फोन अर्ध्या सेकंदात फरशीवर पोचतो. तोवर त्याचा वेग ताशी सतरा-अठरा किलोमीटर झालेला असतो. फरशी काही दबत नाही, त्यामुळे हा सगळा वेग सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागात शून्यावर येतो. भागाकार केला तर फोनला बसलेला झटका गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे ते पाचशे पट निघतो. आता ताशी ५० किलोमीटरने जाणारी मोटार झाडावर आदळली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असं धरा. सरासरी झटका येतो चौदा पट. म्हणजे नुसता दणका मोजायचा तर माझ्या स्वयंपाकघरात झालेला अपघात हायवेवरच्या अपघातापेक्षा फारच भयंकर होता.

हल्ली काही फोन अपघात ओळखून आपण होऊन मदतीला फोन लावतात. गूगलने २०१९ मध्ये आपल्या पिक्सेल फोनमध्ये ही सोय आणली, अ‍ॅपलने २०२२ च्या सप्टेंबरात आयफोन १४ मध्ये. याबद्दल वाचताना माझी समजूत अशी होती, की खरी करामत धक्का जाणवण्यात असणार. तसं नाही. धक्का जाणवणं सोपं आहे. आपण पडलो, मालकाने आपल्याला सोफ्यावर भिरकावलं की मालकाची गाडी ठोकली गेली, हे ओळखणं अवघड. फोनला बिचाऱ्याला फक्त स्वतःचं काय झालं ते कळतं. तुमचं काय झालं, ते त्याला त्यावरून ताडावं लागतं.

धक्का मोजणारा भाग, म्हणजे अ‍ॅक्सिलरोमीटर, तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपमध्ये मावतो. दोन फण्यांचे दाते एकमेकांत अडकवल्यासारखी सिलिकॉनची रचना डोळ्यांपुढे आणा. एक फणी पक्की बसवलेली, दुसरी सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर तोललेली. दात्यांमधली फट दोन-चार मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. फोन हलला की तोललेली फणी जरा मागे राहते, फट बदलते आणि तिची विद्युतभार साठवायची क्षमताही बदलते. चिप मोजते ती ही क्षमता. अशा फण्या तीन दिशांना तीन.

गंमत म्हणजे हा भाग फोनसाठी जन्मलाच नव्हता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अ‍ॅनलॉग डिव्हायसेस कंपनीने असा सेन्सर बाजारात आणला तो मोटारीतली एअरबॅग नेमकी कधी फुगवायची हे ठरवण्यासाठी. तीसेक वर्षांनी तोच प्रकार खिशात बसून पुन्हा मोटारीच्याच राखणीला आला आहे.

याचा खेळ बघायचा असेल तर फायफॉक्स नावाचं एक मोफत अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं. फोनमधले सगळे सेन्सर ते उघडे करून दाखवतं. मध्यंतरी वाईहून एसटीने पाचगणीला जाताना मी ते चालू करून फोन मांडीवर धरला होता. जागा मिळाली होती अर्थातच शेवटच्या बाकावर. गाडी सुटायच्या आधी अ‍ॅक्सिलरोमीटरचा आकडा स्थिर होता, ९.८, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा. शून्य का नाही? कारण मांडी फोनला खालून उचलून धरते आणि त्या आधाराचाच दाब फणीला जाणवतो. वाई सोडताना एक स्पीडब्रेकर आला. आधी आकडा उसळून अठराच्या वर गेला, मग बाक खाली गेलं तसा दोनवर आला. त्या क्षणी मी आणि शेजारचे आजोबा, दोघंही जवळपास निराधार होतो. "काय बघताय?" आजोबांनी विचारलं. मी त्यांना आलेख दाखवला. ते म्हणाले, "हे कळायला मशीन कशाला लागतंय?"

पसरणी घाट लागला आणि दुसरा सेन्सर बोलायला लागला. गायरोस्कोप. फिरत्या चक्रीवर सरळ चालायला गेलं की आपण आपोआप बाजूला ढकलले जातो. गायरोस्कोपमध्येही सतत थरथरत ठेवलेला एक सूक्ष्म तुकडा असतो. फोन वळला की तो तसाच बाजूला ढकलला जातो आणि त्यावरून वळण्याचा वेग कळतो. घाटातलं प्रत्येक वळण आलेखावर टेकडीसारखं उमटत होतं, डावं वळण वर आणि उजवं खाली.

आता माझ्या फरशीवरच्या फोनकडे परत येऊ. तो हातातून सुटला तेव्हा त्याला कशाचाच आधार नव्हता, म्हणून ९.८ चा आकडा शून्यावर आला. अर्धा सेकंद शून्य आणि मग धाड. ही झाली पडण्याची सही. आयबीएमने २००३ मध्ये थिंकपॅड लॅपटॉपमध्ये हीच युक्ती वापरली होती. लॅपटॉप हातातून सुटतोय असं दिसलं की जमीन गाठण्याआधीच हार्ड डिस्कचं हेड, म्हणजे तबकडीवर लिहिणारा-वाचणारा नाजूक भाग, बाजूला नेऊन ठेवायचं. मोटार आदळते तेव्हा आधीचं हे शून्य नसतं. दणक्याची उंची कमी असते, पण तो रेंगाळतो. फरशीने फोनचा वेग ताशी सतरा-अठराने कमी केला, झाडाने गाडीचा पन्नासने केला. म्हणून झटका किती मोठा होता एवढ्यावर भागत नाही, त्याने एकूण वेग किती खाल्ला हे पाहावं लागतं.

एवढ्यानेही भागत नाही, म्हणून बाकीचे साक्षीदार बोलवावे लागतात. जीपीएस सांगतं की गाडी ताशी सत्तरने चालली होती आणि अचानक थांबली. मायक्रोफोन मोठा आवाज ऐकतो. आयफोनमधला वायुदाबमापक तर एक मजेदार गोष्ट टिपतो. बंद काचांच्या गाडीत एअरबॅग फुगल्या की आतल्या हवेचा दाब क्षणभर बदलतो. एरवी हा भाग तुम्ही किती जिने चढलात ते मोजत असतो. त्यातच अ‍ॅपलने २५६ पटीपर्यंतचा झटका मोजणारा नवा अ‍ॅक्सिलरोमीटर बसवला. एरवी फोनमधले सेन्सर आठ-सोळा पटींवर हात टेकतात. सगळ्या साक्षींची गोळाबेरीज करून निकाल देणारं गणित दहा लाख तासांहून जास्त गाडी चालवण्याच्या नोंदींवर शिकवलं आहे, असं कंपनी सांगते.

तरीही ते फसलं. आयफोन १४ आला त्याच महिन्यात अमेरिकेत सिनसिनाटीजवळच्या एका मनोरंजन पार्कात रोलर कोस्टरवर बसलेल्यांच्या फोननी थेट आपत्कालीन कक्षाला कॉल लावले. पलीकडच्या माणसाला आधी रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू आला, मालकाचा भीषण अपघात झाला आहे, आणि मागून लोकांच्या किंकाळ्या. हिवाळा लागला आणि कोलोरॅडोत बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांचे फोन हेच करू लागले. वेग, मग धपकन पडणं, मग स्तब्धता. फोनच्या बाजूने पाहिलं तर त्याचं काय चुकलं? कंपनीने नंतरच्या अपडेटांमध्ये गणित सुधारलं. पण फोन जितका जास्त शंका घेईल तितके खोटे कॉल कमी होतात आणि खरा अपघात हुकायची भीती तितकीच वाढते. हा काटा कुठे ठेवायचा हे शेवटी माणसानेच ठरवायचं असतं. म्हणून फोन आधी मोठ्याने ओरडतो आणि पडद्यावर उलटी मोजणी दाखवतो. तुम्ही ठीक असाल तर रद्द करा, काहीच उत्तर आलं नाही तर तो कॉल लावतो.

कॉल लागला, पुढे काय? हायवेवर अपघात पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "नक्की कुठे?" आणि आपण सांगतो, "ते ढाब्याच्या पुढे, पुलाच्या अलीकडे." टॉवरवरून ठिकाण काढलं तर गावाकडे काही किलोमीटरचा घोळ होतो. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये यावर सोपा तोडगा निघाला. आपत्कालीन नंबर फिरवला की फोनने स्वतःच लोकेशन चालू करायचं आणि गुपचूप एक मेसेज नियंत्रण कक्षाला पाठवायचा. किलोमीटरांचा घोळ काही मीटरांवर आला. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१६ पासून आहे, पण त्या-त्या ठिकाणच्या यंत्रणेने तो मेसेज घ्यायची व्यवस्था केली तरच तिचा उपयोग. भारतात उत्तर प्रदेशाने ती ११२ या आपत्कालीन नंबरला पहिल्यांदा जोडली.

आपल्याकडच्या फोनमध्ये एक गोष्ट मात्र नियमानेच आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये पॅनिक बटण हवं. साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायचं. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण भराभर तीनदा दाबायचं, काही फोनवर पाचदा. रात्री रिक्षात एकट्या बसलेल्या मुलीला कुलूप उघडून, अ‍ॅप शोधून, नंबर फिरवायला सवड नसते. पर्समध्ये हात घालून, न बघता, बोटाने सापडणारं बटण लागतं. आपल्या फोनवर ते नेमकं कसं चालतं हे सेटिंगमध्ये जाऊन एकदा पाहून ठेवा. आणखी एक, घाटात रेंज गेली आणि पडद्यावर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसलं तर निराश होऊ नका. तुमच्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कुणाच्या टॉवरवरून ११२ लागू शकतो. कुठलाच टॉवर नसेल तर मात्र गाडं अडलं.

हे सगळं वाचताना दुचाकीवाल्यांच्या मनात एक प्रश्न आला असेल. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. फोनमधली अपघाताची ओळख मात्र मोटारीसाठी घडवलेली. स्कूटरला बंद काचा नाहीत, एअरबॅग नाहीत, त्यामुळे दाबाची साक्ष बाद. खड्डे आणि वाऱ्याच्या गोंगाटात आवाजाची साक्षही कच्ची. बरेच अपघात ताशी तीस-चाळीसच्या वेगात, वाळूवरून घसरून होतात. त्यात थांबणं असं नसतंच, फरपटणं असतं. फोन कुठे आहे यावरही सगळं अवलंबून. हँडलला लावलेला असेल तर तो गाडीची गोष्ट सांगतो, खिशात असेल तर माणसाची, आणि पडताना या दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. हँडलचं आणखी एक दुखणं आहे. मोठ्या इंजिनांच्या मोटरसायकलींच्या थरथराटाने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो असं अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये कळवलं होतं. बुलेटवाल्यांनी नोंद घ्यावी.

आपल्या रस्त्यांचा विचार करून केलेलं कामही आहे, फक्त त्याचा गाजावाजा झाला नाही. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये नेरिसेल नावाचा प्रयोग मांडला. फोनच्या सेन्सरवरून खड्डे आणि स्पीडब्रेकर ओळखायचे आणि मायक्रोफोनवरून हॉर्न मोजायचे. ज्या चौकात हॉर्नचा गदारोळ, तिथे शिस्त नाही. हे परदेशातल्या शहरात कुणाला सुचलं नसतं. पहिली अडचण तीच, फोन खिशात आडवा की उभा हे कुणाला ठाऊक? त्यांनी आधी गुरुत्वाकर्षणाच्या रेघेवरून 'खाली' कुठे ते शोधलं, मग गाडीने ब्रेक लावला त्यावरून 'पुढे' कुठे ते. याच संस्थेचा हॅम्स हा पुढचा प्रकल्प. त्यात फोन समोरच्या काचेला लावायचा. एक कॅमेरा रस्ता बघतो, दुसरा चालकाचे डोळे आणि मान. डेहराडूनच्या आरटीओत २०१९ पासून वाहन परवान्याच्या चाचणीत तो वापरला गेला. आरसा न बघता गाडी वळवली की फोनला दिसतं.

हाच फोन अपघात घडवतोही, ते मी वेगळं सांगायला नको. ताशी साठने जाताना दोन सेकंद पडद्याकडे पाहिलं तर गाडी ३३ मीटर आंधळी जाते, तीन एसटी एकामागे एक लावाव्यात एवढी. २०२० च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना फोन वापरायला कायदा परवानगी देतो ती केवळ रस्ता बघण्यासाठी, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

हे सगळं मी परवा भाच्याला ऐकवलं. तो रोज कात्रजहून हिंजवडीला स्कूटरने जातो. फोन नवा, अपघात ओळखणारा. त्याने सेटिंग उघडून दाखवलं, सगळं चालू होतं, आपत्कालीन नंबर म्हणून आईचा नंबर, रक्तगटसुद्धा भरलेला. मी खूश झालो.

"आणि गाडी चालवताना फोन कुठे असतो?"

"डिकीत, मामा. खिशात वाजला की लक्ष जातं. तूच ओरडायचास ना?"