पाटीवर काय लिहायचं: एआय एजंटच्या टूल-वर्णनांमागची गोष्ट

‘कानबान’ या जपानी शब्दाचा अर्थ पाटी. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत रुजवली, तेव्हा ती पाटी म्हणजे पारदर्शक पाकिटात सरकवलेला एक कागद होता. सुट्या भागाचं नाव, क्रमांक, किती नग, कुठून उचलायचे, कुठे पोचवायचे, हे सगळं त्यावर असे. पाटी हातात आली की कामगाराला कुणाला काही विचारावं लागत नसे.

सॉफ्टवेअरवाल्यांनीही एकेका कामासाठी एकेक कार्ड घेतलं, पण त्यावर लिहायचं कमी केलं, आणि तेही समजून-उमजून. सॉफ्टवेअर-तज्ज्ञ रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये ‘कार्ड, संभाषण, खातरजमा’ अशी त्रयी मांडली. कार्ड ही फक्त आठवण. खरा तपशील समोरासमोर बोलून ठरायचा. एका खोलीत बसणाऱ्या टीमसाठी हे उत्तमच होतं. पुढे २००२ मध्ये जिरा आणि २०११ मध्ये ट्रेलो ही कामांची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर आली, भिंतीवरचा बोर्ड पडद्यावर गेला, पण सवय तीच राहिली. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात ‘लॉगिनचं ते बघ’ एवढंच लिहिलेलं कार्ड बिनबोभाट पार पडायचं, कारण ‘ते’ म्हणजे काय हे शेजारच्या खुर्चीला माहीत असायचं.

या बोर्डांच्या एपीआयमध्येही, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने बोर्ड वापरायच्या मार्गातही, अशा न बोललेल्या गोष्टी भरपूर आहेत. ट्रेलोच्या एपीआयमध्ये कार्ड ‘क्लोज्ड’ असणं म्हणजे काम संपणं नव्हे. कार्ड अर्काइव्ह झालंय, म्हणजे बोर्डावरून बाजूला ठेवलंय, एवढाच त्याचा अर्थ. जिरामध्ये स्टेटस थेट बदलता येत नाही, त्यासाठी ‘ट्रान्झिशन’मधूनच, म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जायच्या ठरलेल्या वाटेनेच, जावं लागतं. शिवाय जिराच्या क्लाउड आवृत्तीत २०१९ पासून माणूस ओळखला जातो तो अकाउंट आयडीवरून, युजरनेमवरून नाही. प्रोग्रॅमर हे एकदा ठेचकाळून शिकतो आणि मग विसरत नाही.

एजंटचं, म्हणजे भाषा-मॉडेलच्या जोरावर स्वतः पावलं उचलून काम करणाऱ्या प्रोग्रॅमचं, तसं नाही. तो दर वेळी नव्याने येतो आणि समोर लिहिलेलं वाचतो. २०२२ च्या अखेरीस ‘रिअ‍ॅक्ट’ या शोधनिबंधाने भाषा-मॉडेल विचार आणि कृती आळीपाळीने करू शकतं हे दाखवलं. जून २०२३ मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग आणलं, तेव्हा मॉडेलला टूलची, म्हणजे बाहेरचं एखादं काम करून देणाऱ्या सोयीची, ओळख करून द्यायची रीत ठरून गेली: नाव, वर्णन आणि कोणती माहिती द्यायची त्याचा साचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी हे टूल जोडायचं सामाईक मानक खुलं केलं आणि तीच रीत कुठल्याही बोर्डाला, कुठल्याही एजंटला जोडण्याजोगी झाली. तोवर कोडमधली टीप म्हणून घाईत खरडलेली ती एक ओळ आता कामाचा हुकूम ठरू लागली.

याचा चटका आम्हाला बसला. आमच्या टूलचं वर्णन होतं: ‘कार्ड अपडेट करते.’ टेस्टिंगच्या ताईंनी एजंटला सांगितलं, “आजच्या चाचणीची नोंद या कार्डात कर.” त्याने इमानदारीत नोंद केली, आणि क्लायंटने सांगितलेल्या अटींचा आधीचा सगळा मजकूर पुसला गेला. टूल मजकूर जोडत नव्हतं, बदलत होतं. हे आमच्यातल्या प्रत्येक प्रोग्रॅमरला ठाऊक होतं, लिहिलं मात्र कुणीच नव्हतं. नवं वर्णन असं झालं:

‘कार्डाच्या वर्णनाचा मजकूर बदलते; आधीचा मजकूर पूर्ण जातो. नुसती नोंद जोडायची असेल तर हे वापरू नये, कॉमेंटचे टूल वापरावे. कार्डाचा क्रमांक बोर्डावर दिसतो तसाच द्यावा. या टूलने कार्ड दुसऱ्या रकान्यात हलत नाही.’

यातली दोन वाक्यं नकारार्थी आहेत आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. प्लॅटफॉर्मवर जलद लोकलची घोषणा होते, तेव्हा गाडी कुठे थांबणार नाही हेही सांगतात. रोजच्या प्रवाशाला त्याची गरज नसते. पहिल्यांदा आलेल्याला मात्र तेवढंच ऐकायचं असतं.

मार्च २०२५ च्या एमसीपी आवृत्तीत टूलवर ‘फक्त वाचते’ किंवा ‘नासधूस करू शकते’ अशा खुणा करायची सोय आली. सोय चांगली आहे, पण खूण म्हणजे निव्वळ इशारा. नेमकं काय नासेल, हे शब्दांतच सांगावं लागतं. आणि म्हणून पानभर लिहावं असंही नाही. प्रत्येक टूलचं वर्णन मॉडेल एका वेळी जेवढं वाचू शकतं तेवढ्या मर्यादित जागेत बसवायचं असतं.

आमचं सगळ्यात अवघड वर्णन निघालं ते कार्ड ‘झालं’ रकान्यात हलवणाऱ्या टूलचं. ‘झालं’ म्हणजे कोड लिहून झालं, तपासून झालं, की क्लायंटकडे पोचलं? तिघांना विचारलं, तीन उत्तरं आली. इतकी वर्षं आम्ही तो रकाना रोज वापरत होतो. अखेर ‘तपासून झालं’ आणि ‘क्लायंटकडे गेलं’ असे त्याचे दोन रकाने केले, तेव्हा कुठे वर्णनाचं पहिलं वाक्य लिहिता आलं.