छातीची जखम चिघळली तर शेजारचा स्नायू कसा कामाला येतो

लहान बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन करताना बऱ्याचदा छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि काम झालं की तारेने नाहीतर जाड टाक्यांनी परत बांधतात. बहुतेक मुलांची जखम नीट भरते. पण क्वचित त्यात जंतू शिरतात, पुष्कळदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, मग ताप, टाक्यांतून पू, हाड जुळत नाही, आणि लगेच खाली हृदय असतं म्हणून डॉक्टर एक दिवसही वाट बघत नाहीत.

माझ्या मावसबहिणीच्या पाच महिन्यांच्या मुलीचं इथे पुण्यात असंच झालं. ‘फ्लॅप करावा लागेल’ म्हटल्यावर घरी सगळ्यांना वाटलं मांडीची कातडी काढून लावणार. तसं नसतं हो, फ्लॅप म्हणजे शेजारचा जिवंत भाग त्याच्या रक्तवाहिनीसकट सरकवून जखमेवर आणणं. नुसती कातडी खालून रक्त मिळालं तरच जगते, आणि इथे खाली पू नि मेलेला भाग. म्हणून आधी ते सगळं खरवडून साफ करतात, तारा काढतात, कधी काही दिवस व्हॅक्यूम ड्रेसिंग, म्हणजे जखमेतलं पू-पाणी ओढून घेणारी पट्टी, ठेवतात, मग छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, बरगड्यांपासून सोडवून मध्ये सरकवतात, पण कॉलरबोनखालून त्याला येणारी रक्तवाहिनी जपून तशीच ठेवतात. म्हणजे स्नायू स्वतःची पाइपलाइन घेऊनच येतो! त्या रक्तातून ऑक्सिजन, पांढऱ्या पेशी आणि अँटिबायोटिक जखमेच्या आत पोचतं, आणि पोकळी भरल्यामुळे पू साठायला जागा उरत नाही. जखम खालच्या टोकाला असेल तर पोटाचा उभा स्नायू किंवा आतड्यांवरचा चरबीचा पडदा, ओमेंटम, वापरतात.

ही युक्ती पुण्याला जुनी आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. 1793 च्या सुमारास कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक इथल्याच एका विटा करणाऱ्या जातीतल्या माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून बनवलं, आणि ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ते चित्रासकट छापलं. ती कातडीसुद्धा दोन भुवयांच्या मध्ये जोडलेलीच ठेवली होती, रक्तासाठी.

बाळाचा स्नायू मात्र अगदी पातळ, रक्तवाहिनी दोऱ्याएवढी, त्यामुळे हात फार हळू चालवावा लागतो. नंतर नर्स सारखी येऊन बघायची, रंग गुलाबी आहे ना, बोटाने दाबलं की पांढरं होऊन पटकन परत भरतंय ना.

घरी आल्यावर बाळाला काखेत धरून उचलायचं नाही, छातीवर ताण येतो. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. आजीला हे चार वेळा सांगावं लागलं, मग तीच आल्यागेल्याला शिकवायला लागली.